शिंदे मिस्त्रींची पोकळ भिंत

शिंदे मिस्त्री गेल्याचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तो नेमका माझ्या नोटिशीखाली. वर मी, सेक्रेटरी : भिंतीला भोक पाडणाऱ्यावर कारवाई होईल. खाली त्यांची मुलगी : बाबा गेले. मधे माझ्या नोटिशीला पडलेले अकरा अंगठे... महिना झाला त्याला.

मिस्त्री साताऱ्याचे. नेरूळची आमची इमारत त्यांनीच बांधली आणि तळमजल्यावर राहायला आले. भिंतीला कान लावून चौथ्या मजल्यावरचा गळका नळच काय, तिथलं कालचं भांडणही सांगायचे; भांडणाचं मी वाढवून सांगतोय, नळ खरा. पश्चिमेची भिंत त्यांनी दुहेरी केली होती, मधे चार बोटं पोकळी. बाहेरची भिंत पाऊस पिणारच. ते पाणी पोकळीतून उतरून बाहेर जावं म्हणून तळाशी भोकं, आत वारा खेळावा म्हणून वरही. रोज चहाआधी सायकलची तार घेऊन ते खालची भोकं साफ करायचे. आम्ही म्हणायचो, मिस्त्री भिंतीचे दात कोरतायत.

मग आम्ही इमारत रंगवली. भोकांतून ओघळ येऊन मोतिया रंगावर डाग पडले. रंगवाला म्हणाला, बुजवा, नाहीतर गॅरंटी नाही. एका दुपारात मी सगळी सिमेंटने बुजवून घेतली. सभेत मिस्त्री उठले, दम्याने धापा टाकत म्हणाले, "साहेब, पाणी आत येणारच. त्याला जायला वाट ठिवा."

"पाण्याचा अर्ज आला की बघू," मी म्हटलं. सभा इतकी हसली की बंद पंखे फिरले.

पाणी पोकळीत साठलं आणि मिस्त्रींच्या खोलीत पाझरायला लागलं. अर्ज त्यांनीच केला, तीनदा : निदान माझ्या खोलीमागची दोन भोकं उघडा, श्वास पुरत नाही. मी गॅरंटीचा कागद दाखवला. शेवटी त्यांनी स्वतःच एक उघडलं. त्याच दिवशी मी ते बुजवलं आणि ती नोटीस टाकली.

शोकसभेत दुखवट्याचा ठराव एकमताने झाला. भोकांचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला.

गेल्या रविवारी भेटायला गेलो. शिंदेकाकू म्हणाल्या, बसा, पण टेकू नका, शर्ट भिजेल. पलंगामागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, एकेक पाणसळ लावून मारल्यासारखी सरळ, शेजारी तारखा. दर रविवारी ओल कुठवर चढली ते मिस्त्री मांडत होते... शेवटची रेघ उशीपाशी. ओल तिच्याही वर वीतभर गेलेली.

काकूंनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "आज रविवार हाय. रेघ मारा, सेक्रेटरी."

मी मारली. ओल्या गिलाव्यात टोक रुतलं, रेघ वाकडी आली. काकूंनी ती पुसू दिली नाही.