अर्ध्यावरचा धवला

हिरामावशी कुणाच्याही घरी गेली की चपला काढण्याआधी गायची. उंबऱ्यात उभी राहून धवल्याची, म्हणजे लग्नातल्या गाण्याची, पहिली ओळ मोकळ्या गळ्याने सोडायची, मान वाकडी करून ऐकायची आणि मग निकाल द्यायची. आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आली ती गॅलरीतून उडालेला माझा टॉवेल परत द्यायला. मी दार उघडलं आणि ही बाई गायलाच लागली! मला वाटलं, वर्गणी मागायला आलीय. ओळ संपवून म्हणाली, "बरा हाय घर. आवाज उचलतो. चाय ठेव."

मी ठेवला. हिरामावशीला नाही म्हणणारं माणूस खारीगावात जन्मायचं होतं.

ती गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी मान हिचा. तांदळाच्या पिठाचा चौक काढायचा, त्याच्यापुढे पाटावर बसायचं आणि देवांना बोलावण्यापासून नवरीची पाठवणी होईपर्यंत सगळं लग्न गाऊन लावायचं. सासूचं ऐकून ऐकून पाठ झालेलं. संध्याकाळी मी शाळेतून आले की मावशी हजर. चहा उकळेपर्यंत ओट्याला टेकून गायची आणि कप पुढे केला की थांबायची. "मावशी, पुढचं?" म्हटलं की म्हणायची, "पुढचा मांडवान. फुकट कुठं सगला ऐकतंस, मास्तरीन?" मी रत्नागिरीची, ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. "आणि चहा फुकट पिता तो?" असं मी म्हटलं की खो खो हसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पण मांडव राहिला होता कुठे? गावाभोवती इमारती उठल्या, अंगणं गेली, लग्नं हायवेकडच्या हॉलांत गेली. भाऊंच्या थोरल्या मुलीच्या, प्रणालीच्या लग्नाला मीही होते. भाऊ म्हणजे आमच्या ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष. नवरी मेकअपच्या खोलीत, नवरा फोटोवाल्याच्या ताब्यात आणि मावशी कोपऱ्यात पाटावर एकटी गातेय. अर्ध्यावर मॅनेजर आला. "आजी, थोडा जल्दी करो. नीचे दूसरी पार्टी खडी है." मावशीने गुपचूप पाट उचलला. रिक्षात माझ्या शेजारी बसल्यावर मात्र घळाघळा रडली. "अर्धा धवला म्हंजे अर्धा लगीन गो. पोरीला मी मधीच सोडली." अशा मधेच सोडाव्या लागलेल्या पोरी बऱ्याच होत्या. कुणाचं गाणं कुठे तुटलं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ते तिला खात होतं.

आमच्या इमारतीच्या मागे मिठाची जुनी वखार आहे. मिठागरं जोरात होती तेव्हा भरलेली असायची. आता आत वटवाघळं आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू. मंडळात ठरलं, पाडायची आणि दुकानगाळे काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपला पाट घेऊन वखारीच्या दारात बसली: पाडायची नाही, गावची लग्नं इथेच लावायची.

"मावशे, अशा जागेन कोन पोरगी लगीन करंल?" भाऊ समजवायला आले.

"तुज्या लग्नाचा धवला कोनी गायला?"

"तू."

"सगला ना? आनि तुज्या पोरीला मी अर्ध्यावर सोडली, तवा तू तिथंच उबा व्हतास ना?"

गाळ्यांचा विषय तिथेच मिटला.

मग गाव कामाला लागलं. कौलं बदलली, वासे बदलले, वटवाघळांनी मुक्काम हलवला. मी शहाणपणा शिकवायला गेले: दगड उघडेच ठेवू, जुनं जुन्यासारखं दिसू दे. मावशी भडकलीच. "तुला जुना बगायचा तं माज्याकडं बग! पोरींना नवा पायजे. गुलाबी!" हट्टाने तिने सगळीकडे गुलाबी ऑइलपेंट मारून घेतला. पावसाळ्यात वखारीने तो पापुद्र्यांसारखा अंगावरून टाकून दिला. पिढ्यान्‌पिढ्यांचं मीठ भिंतीत मुरलेलं, रंग धरतोय कशाला? मावशीची कशी जिरली ते बघायला सगळे जमले, त्यात मी पुढे. तिने भिंतीला बोट लावलं, चाटलं आणि ओरडली, "अजून खारट हाय गो! माज्या आयेनं डोक्यावर वाहिलेला मीठ हाय ह्या!" मग भिंतींना चुना लागला. दारं तेवढी गुलाबी ठेवली, तिच्या समाधानासाठी.

उद्घाटनाला पुढारी नको म्हणाली. सांगावे धाडले ते हॉलमध्ये लग्न झालेल्या पोरींना, नवऱ्यांना घेऊन या म्हणून. त्या दिवशी मी नेमकी परीक्षेच्या ड्युटीवर, कर्म माझं! पोचले तेव्हा चौक पुसून झाला होता. झालेलं सगळं प्रणालीने सांगितलं. कुणाच्या कडेवर मूल, कुणाचा नवरा ऑफिसच्या बॅगेसकट. मावशीने एकेक जोडी चौकापुढे बसवली आणि जिचं गाणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे गायली. मागचं परत घेतलं नाही. "झाला ते लागलाच हाय," म्हणाली. पोरी आधी हसत होत्या, मग रडायला लागल्या. एकीसाठी दुसरी बसून राहिली आणि ऐकता ऐकता सगळ्याच मावशीच्या मागे गाऊ लागल्या. शेवटच्या जोडीनंतर मावशी म्हणाली, "आता झोप लागंल."

भाऊंच्या धाकटीचं लग्न वखारीतच ठरलं. मावशीला केवढा आनंद! पण तिला तापाने धरलं ते सोडलं नाही. मी उशाशी बसून म्हटलं, "मावशी, आतातरी पुढचं ऐकवा की." डोळे न उघडता म्हणाली, "आजारपनान धवला गात न्हाईत, मास्तरीन. मांडवान ये." चार दिवसांनी गेली. माझ्याकडे संध्याकाळचा चहा बरेच दिवस दोघींचाच टाकला जायचा.

लग्नाला मी गेले. चुन्याच्या भिंती, गुलाबी दारं, प्रणालीने काढलेला थोडा वाकडा चौक. नवरानवरी पाटावर बसले, आणि सगळं थांबलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. प्रणाली माझ्या कानाशी आली. "बाई, आम्हाला मधूनच पुढचं येतं हो. सुरुवात व्हायची तेव्हा आम्ही मेकअपला." दुसरी धवलारीण गावात उरली नव्हती. भाऊंनी डीजेवाल्याकडे बघितलं.

मी कुठली, काय! पण उठले आणि चौकापुढे जाऊन बसले. माझ्या नाकातल्या रत्नागिरी आवाजात पहिली ओळ सोडली. वखारीने ती उचलली, आणि मग पुढची आली, त्याच्या पुढची आली. कुठेही न अडखळता मी चहा उकळेपर्यंत गायले. तिथे थांबले, आणि सवयीने माझा हात कप द्यायला पुढे झाला.

प्रणालीने तिथून धवला उचलला, तिच्यामागे सगळ्याजणींनी. मावशीचं पुढचं मी पहिल्यांदा ऐकलं. मांडवात.