जिल्हा अकोला

अमरावतीत घरी बसून मी चाचण्या घेतो, पण माणसांच्या नाही. संगणकाच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. त्याची नवी आवृत्ती आली की ती नीट चालते का, ते बघायचं. आईला 'कर्नल' ऐकू येतं, म्हणून अर्ध्या नातेवाइकांत मी मिलिटरीत आहे.

मध्यंतरी एक चाचणी सारखी नापास होत होती. कर्नेलमध्ये काही आकडे ठरलेले असतात. त्यातला एक नव्या आवृत्तीत वाढला होता आणि आमची चाचणी जुन्यालाच धरून बसली होती. मी म्हटलं, दोन्ही आकडे चालवून घेऊ, कटकट मिटेल. आमच्या वरिष्ठ बाई फोनवर कडाडल्या, "मग खरा बिघाडसुद्धा पास होईल! आधी आवृत्ती विचारा, मग आकडा तपासा." पटलं, तसं केलं.

त्याच आठवड्यात बाबांना अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. बाबा हल्ली विसरत होते. डॉक्टर अगदी तरुण. त्याने विचारलं, "आजोबा, तुमचं गाव कोणत्या जिल्ह्यात?"

आमचं गाव कारंज्याजवळ, हल्ली वाशीम जिल्ह्यात. बाबा ताडकन म्हणाले, "अकोला."

त्याने चुकीची खूण केली आणि माझं पित्त खवळलं. वाशीम जिल्हा अकोल्यातून फुटून निघाला तेव्हा हा पोरगा पाळण्यात असेल! बाबांची उभी हयात अकोला जिल्ह्यात गेली, उत्तर चूक कसं? मी भांडून ती खूण खोडायला लावली. परत येताना गाडीत गुणगुणत होतो.

घरी चहा घेताना मीच बाबांची परीक्षा घ्यायला लागलो. शेजारी कोण राहतं? बाबांनी केव्हाच घर विकून गेलेल्या माणसाचं नाव घेतलं. मी म्हटलं, "बरोबर, आधी तेच राहत होते." पेट्रोलचा भाव? त्यांनी कुठल्या तरी जुन्या काळातला सांगितला. "हो, तेव्हा तेवढाच होता."

आई कपबशा उचलत होती. ती थांबली.

"तू यायले तपासून राहिला का पास करून राहिला?"

आवृत्ती विचारायची राहिली होती. खरं तर मी ती टाळत होतो. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी विचारलं, "बाबा, सध्या साल कोणतं चालू हाये?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग हसले. किती तरी दिवसांत एवढं मोकळं हसले नव्हते.

"साल मले काय इचारतं? तुया गणिताचा पेपर होता ना आज? कसा गेला?"

आई कपबशा तशाच ठेवून आत गेली.

"चांगला गेला, बाबा," मी म्हणालो.