राजाची पाठ

विनूदा माझ्याशी शेवटचं बोलला ते कॉम्प्युटरच्या नेटबद्दल. गाडी अंगणात उभी होती. काकी पिशवीत टॉवेल, पेजेची वाटी असं काहीबाही कोंबत होती, आणि तापाने डोळे लाल झालेल्या विनूदाने माझं मनगट धरलं. “कोणाक नेट लावूक देव नको हां गो. लावल्यानी तर सगळा पुसान जातला.” मी म्हटलं, “तू आधी बरो होवन ये रे.” तो हसला नाही. भाताची लावणी आटपून थोडेच दिवस झाले होते. शेतातल्या पाण्यातून येणारा तो ताप आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सुरुवातीला प्रत्येकाला वाटतं, अंगमेहनतीचा असेल, उतरेल. आमच्या आचऱ्याहून त्याला आधी जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं आणि तिथून गोव्याला. मी कणकवलीला कॉलेजात प्रॅक्टिकलला बसले होते तेव्हा बाबांचा फोन आला. “गो, घराक ये,” एवढंच ते म्हणाले. कशाला, हे मी विचारलं नाही… विचारलं नाही तोवर काही झालेलं नव्हतं.

विनूदा माझा चुलत भाऊ. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे असं काही लिहायची सवय कोणालाच नाही आणि मलाही नाही. पण त्याच्याबद्दल बोलताना लोक “होड्यो रंगयणारो विनू” एवढंच म्हणतात, आणि ते मला पुरत नाही. होड्या तो रंगवायचाच. चतुर्थीला गावातल्या अर्ध्या घरांत गणपतीमागची भिंतही तोच रंगवायचा. पण त्याचं खरं काम माजघरालगतच्या खोलीत, एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. तलवारी घेऊन लढायचा एक खेळ त्याच्याकडे होता. तो लढत मात्र फार नसे. खेळातल्या योद्ध्याचं चिलखत, ढाल, तलवार यांच्यावर जे रंग दिसतात, त्यांची चित्रं त्या खेळाच्या फायलींत असतात. तो ती बाहेर काढायचा, आपल्या मनासारखी रंगवायचा आणि परत जागेवर ठेवायचा. मग खेळ सुरू केला की परदेशी लोखंडाच्या जागी आपल्याकडचं काहीतरी अंगावर घालून तो योद्धा उभा राहायचा.

पहिल्यांदा त्याने मला चिलखताची फाईल दाखवली तेव्हा मला काहीच कळलं नाही. छाती एकीकडे, बाह्या दुसरीकडे, सगळं सपाट पसरलेलं. तो म्हणाला, “बांगडो सुकत घालूक पाठीतसून चिरून उघडो करतत मा? तसाच ह्या. खेळात गेला की परत अंगाक गुंडाळता.” शिवणीच्या जागी रंग जुळले नाहीत तर काखेत फाटल्यासारखं दिसतं, म्हणून तो एकेका कडेवर संध्याकाळ घालवायचा. काकी दारातून ओरडायची, “राजाक कपडे शिवता हो, आणि हेच्या स्वताच्या पँटीक बटान नाय!” विनूदा मागे न बघता म्हणायचा, “राजाच्या पँटीक पण नाय गे आये, काळजी करू नको.”

राजा म्हणजे काका, विनूदाचे वडील. माझे काका दशावतारात राजपार्टी नट होते. गावोगावच्या जत्रांत त्यांनी किती राजे उभे केले, ते त्यांनाच माहीत. पुढे गुडघे गेले, उभं राहवेना, आणि एका वर्षी त्यांनी आपला भरजरी अंगरखा मसुऱ्याच्या एका नव्या नटाला देऊन टाकला. त्यानंतर जत्रेला जाणंही त्यांनी सोडलं. विनूदाने मग त्या खेळातल्या योद्ध्यावर काकांचा अंगरखा रंगवायला घेतला. मुकुट झाला, तलवारीची मूठ झाली, छातीवरची जर झाली. मध्येच एकदा खेळाचा नवा अपडेट आला आणि कंपनीच्या मूळ फायली परत येऊन त्याची ढाल-तलवार पुसून गेली. तेव्हापासून त्याने नेटची वायर काढून, गुंडाळी करून खिळ्याला टांगली. चित्रांच्या प्रतीही त्याच कॉम्प्युटरवर वेगळ्या ठेवू लागला.

आणि मग पाठ आली. त्या खेळात योद्धा चालतो तो आपल्याकडे पाठ करून. खेळणाऱ्याला सगळा वेळ त्याची पाठच दिसते. विनूदाने काकांना विचारलं, पाठीवर काय होतं? काका सुपारी कातरत होते. “पाठ कोण बघता रे? लोक पुढे बसतत. मागे असतले दोन पिनी.”

“मी बघी होतंय,” विनूदा म्हणाला.

लहानपणी काका त्याला बरोबर न्यायचे. तो पेटी-पखवाजवाल्यांच्या मागे गोधडी अंगावर घेऊन बसायचा. समोरच्या सगळ्या गावाने राजाचं तोंड बघितलं, विनूदाने पाठ. ती त्याने जशीच्या तशी रंगवली. जर संपते तिथे लावलेलं काकीच्या जुन्या लुगड्याचं हिरवं ठिगळ, चार पिना, त्यातली एक वाकडी, बंदांची गाठ, आणि दोन खांद्यांमध्ये घामाने काळवंडलेली मखमल. पुढच्या भरजरी राजापेक्षा ही पाठ मला जास्त खरी वाटली. काकांना मात्र त्याने ती दाखवली नव्हती. “एक कड जुळणा नाय,” म्हणायचा. “जुळली की दाखयतंय.” तेवढ्यात लावणी आली.

तेरावं झाल्यावर काकांनी मला बोलावलं. “तो माजी पाठ काढी होतो मा? माका एकदा दाखय गो. आरशात खंय दिसता ती?”

मी कॉम्प्युटर लावला. सुरू झाला, पण आतून पाल चुकचुकावी तसा आवाज येत होता. खारी हवा आमच्याकडे लोखंड ठेवत नाही. मी घाबरून आधी त्याची सगळी चित्रं पेन ड्राइव्हवर घेतली. पूर्ण खेळ घ्यायला गेले तर निम्म्यात थांबला, पुन्हा केलं, पुन्हा थांबला. काकांना म्हटलं, दोन दिवस थांबा. कॉलेजच्या मैत्रिणीकडे तोच खेळ होता. तिच्याकडे बसून मी विनूदाची चित्रं त्यात घातली… आणि जे दिसलं ते मला अजून विसरता येत नाही. नव्या आवृत्तीत कंपनीने योद्ध्याचं अंग नव्याने बांधलं होतं. काकीचं ठिगळ त्याच्या गळ्याशी आलं, पिना गुडघ्यावर, घामाचा डाग एका हातावर. जुनी आवृत्ती मिळेना. अनोळखी लोकांना किती मेसेज केले, कोणाकडेच नव्हती. पेन ड्राइव्हवर उरला तो चिरून पसरलेला बांगडाच. ती पाठ ज्या अंगाला बसेल असं अंग फक्त त्या चुकचुकणाऱ्या डिस्कवर होतं.

मी डिस्क काढून कणकवलीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने ती कानाशी धरली. “मुंबईला पाठवून बघता येईल. मिळेलच असं नाही सांगत,” तो म्हणाला. “पण आता पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी थोडी थोडी मरतेय ती.”

मी घरी येऊन हे काकांना सांगितलं. चांगल्या मराठीत, कागदावरचं वाचावं तसं सांगितलं, कारण मालवणीत ते माझ्या तोंडून निघेना. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मुंबैक धाडलास, आणि कायच नाय गावला तर?” मी डिस्क त्यांच्यासमोर ठेवली. “गो, माझ्या झिलाक, विनूक, गोव्याक धाडलंय. तेंनी पण असाच सांगितल्यानी… बघू म्हणून. मी भायर बाकड्यार बसान रवलंय. माका तेचा तोंड बघूक गावला नाय. आता ह्या धाडूचा नाय. लाव.”

मी डिस्क परत बसवली. स्क्रू दोनदा खाली पडला. खेळ उघडायला खूप वेळ लागला. काकी देवाकडे उठून गेली, तिला बघवत नव्हतं. आणि मग पडद्यावर राजा उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. योद्धे नुसते उभे असले तरी त्या खेळात श्वास घेतात, तसे त्याचे खांदे वर-खाली होत होते आणि खांद्यांबरोबर ती वाकडी पीन हलत होती. मी मोबाईल वर धरून व्हिडिओ सुरू केला. काका हळूहळू पुढे सरकले, गुडघ्यांवर हात टेकून पडद्याच्या अगदी जवळ गेले. “ठिगळ… हेच्या आयच्या लुगड्याचा,” ते म्हणाले. “पिन पण वाकडी! येवढा बघी होतो काय रे तू?”

नंतर पडद्याकडे बघत अगदी हळू म्हणाले, “बघून झाली रे माजी पाठ. आता तू फिर. तोंड दाखय मा रे बाबू.”

त्या योद्ध्याचं तोंड कंपनीचं होतं, विनूदाचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी माउस फिरवला. दुसरं काय करणार होते? राजा थोडासा वळला, कानाजवळची मुकुटाची कड दिसली, आतून एकदा मोठ्याने टक् वाजलं आणि सगळं जागीच थिजलं. खांदे वर गेलेले तसेच राहिले. थोड्या वेळाने पडदा काळा झाला. तो कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला नाही. डिस्क मी नंतर मुंबईला पाठवलीच. काही मिळालं नाही.

मोबाईलमधला व्हिडिओ मी रोज बघते. काका पुढे सरकले होते ना… त्यामुळे त्यात राजा जवळजवळ दिसतच नाही. सगळ्या चौकटीत काकांचीच पाठ आहे. घामेजलेली बंडी, खांद्याशी उसवलेली शिवण, आणि पलीकडे मुकुटाचं टोक.

हा व्हिडिओ काकांना दाखवावा असं मनात येतं. परवा मी मोबाईल घेऊन गेले. ते विनूदाच्या खोलीत, बंद पडद्यासमोर खुर्चीवर बसले होते. नेटची वायर त्याने टांगली होती तशीच खिळ्याला होती. माझी चाहूल लागली तसे ते मागे न बघता म्हणाले, “मोबाईल भायर ठेव गो. नेट आसता त्येच्यात.”

मी मोबाईल पडवीत ठेवला, आणि आत जाऊन त्यांच्या मागे बसले.