घोटभर पाण्याचं पुण्य

आत्या गेली तेव्हा तिच्या तोंडात पाणी घालायला घरात रांग लागली. तुळशीचं पान, गंगाजळ, सगळं साग्रसंगीत. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, पाण्यानंच गेली ती... आता तरी थांबा! महिना उलटला, राग उतरलेला नाही.

पेणला रामवाडीत आम्ही दोघीच राहायचो. दारात आलेल्याच्या हातात आत्या आधी पाण्याचं भांडं द्यायची, मग विचारायची, "कोण तुम्ही?" मीटर बघणारासुद्धा यातून सुटला नाही. खिडकीतला तांब्या तिनं कधी रिकामा राहू दिला नाही. आणि अर्धांगाच्या झटक्यात नेमकं तिचंच गिळणं गेलं. नाकात नळी आली. रोह्याजवळ वरसे गावात अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं, म्हणून मी तिला गाडीत घालून नेऊ लागले. हनुवटीखाली, मानेत बारीक सुया. बाई सरळ होत्या. "गुण येईल, न येईल, हमी नाय देणार," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलातले गिळण्याचे व्यायाम सोडू नका. आणि तोंडानं पाणी अजिबात नाय. पातळ असतं ते चटकन श्वासनळीत उतरतं." सहाव्या खेपेनंतर, हॉस्पिटलातल्या थेरपिस्टसमोर, आत्यानं घट्ट पेजेचा अर्धा चमचा गिळला. सुयांनी की व्यायामानं, देव जाणे. मी रडले, आणि मूर्खासारखा त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला.

झालं! सुयांनी आत्या बरी झाली, अशी दवंडी पिटली गेली. रविवारी माणसांची रीघ. मी औषधं आणायला गेले तेवढ्यात गडब गावच्या काकीनं तिला भांडंभर पाणी पाजलं. परतले तर आत्या खोकून खोकून निळी पडलेली.

"पानीच त दिलं गो, इख नाय दिलं," काकी म्हणाली. "ती खुणेनं मागत व्हती. तू तिला तरसवत व्हतीस."

व्हय, तरसवत होते! जगावी म्हणून. न्यूमोनिया झाला, आठव्या दिवशी ती गेली. काकीवर चिडते, ग्रुपवर चिडते... पण व्हिडिओ मीच टाकला होता, आणि त्याखाली 'पाणी देऊ नका' एवढे तीन शब्द लिहायचं मलाच सुचलं नाही.

परवा काकी उन्हातून आली, उंबऱ्यातच बसली. "पानी दे गो." क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. पण घर आत्याचं. खिडकीतला तांब्या घेतला, भांडं भरून तिच्या हातात दिलं आणि समोर उभी राहिले. तिनं ते घटाघटा संपवलं. मी शेवटपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत होते.