गडगड आत्या आणि वादळात हँग होणारा कॉम्प्युटर

नाटकमंडळीत तिला सगळे गडगड आत्या म्हणत. ऐन तारुण्यात ती नायिकेची मैत्रीण म्हणून दोन वाक्यं बोलायला आली होती आणि त्या दोन वाक्यांतच तिची बोबडी वळली. मग कुणीतरी तिच्या हातात एक मोठा पत्रा दिला आणि सांगितलं, विंगेत उभी राहून हलव, ढग गडगडल्यासारखं वाटेल. तिने तो असा काही हलवला, की पहिल्या रांगेतली माणसं मान वर करून छताकडे बघायला लागली. त्या दिवसापासून मंडळीचं आभाळ तिच्या ताब्यात आलं. सुपातल्या वाटाण्यांचा पाऊस, लाकडी ठोकळ्यांच्या टापा, बाटलीच्या तोंडावर फुंकर घालून काढलेली बोटीची शिट्टी. नवरा मंडळीचाच सुतार. तो दारं बनवायचा आणि आत्या त्या दारांना करकर द्यायची. असा तो जोडीचा संसार.

नवरा गेला, पत्रेही गेले. सगळे आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसले. आता आत्या घरी बसेल, असं लोकांना वाटलं. पण आत्या घरी बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करणाऱ्या सुनेने तिला एक जुनं डेस्कटॉप मशीन जुळवून दिलं आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं.

"आई, याला पैसे पडत नाहीत," सून म्हणाली होती, "आणि काही बिघडलं तर आत डोकावून बघता येतं."

हे दुसरं वाक्य आत्याला फार आवडलं. जन्मभर तिने नाटक मागूनच पाहिलेलं. समोरून काय दिसतं, यात तिला कधी गोडी नव्हतीच.

काही वर्षं मशीनने इमानाने साथ दिली. मग नवं नाटक आलं. दुसऱ्या अंकात वादळ, आणि वादळानंतर एक लांब शांतता, ज्यात मुलगी बापाला खरं काय ते सांगते. तालमीत वादळ ऐन रंगात आलं आणि कॉम्प्युटर हँग झाला. नुसता गप्प बसला असता तरी चाललं असतं. वाऱ्याचा शेवटचा तुकडा त्याच्या घशात अडकला आणि "टर्रर्रर्र" असा एकच सूर लागून राहिला. माऊस हलेना, कीबोर्ड ऐकेना. शेवटी आत्याने बटण दाबून धरलं आणि त्याचा गळा बंद केला. बाप झालेला नट स्टेजवरूनच म्हणाला, "आत्या, वादळ आहे की पिठाची गिरणी?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मॅनेजर तसा भला माणूस, पण तिकिटं विकायची त्याला. तो आत्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "आत्या, वाईट वाटून घेऊ नका. रंगीत तालमीत हे पुन्हा झालं, तर प्रयोगाला मी बाहेरचा माणूस बोलावणार. त्याचं स्वतःचं मशीन आहे."

"आणि मी?"

"तुम्ही पहिल्या रांगेत बसा. मानाने."

"मानाने," आत्या म्हणाली. "म्हणजे विंगेतून बाहेर."

मॅनेजरने चष्मा पुसायला घेतला. आत्याने मशीन उचललं, रिक्षात घातलं आणि घरी नेलं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने ते मांडलं आणि सुनेला फोन लावला.

"नवं अपडेट घेतलं होतंस का, आई?"

"घेतलं होतं. त्याच आठवड्यात हे सुरू झालं."

"मग आधी त्याच्यावरच संशय घेऊ. चालू करताना यादी येते ना, त्यातून जुनं कर्नल निवड." कर्नल म्हणजे सगळ्या कारभाराचा मूळ गाभा, हे आत्याला ठाऊक होतं. तिने जुनं निवडलं आणि अख्खं वादळ वाजवलं. पुन्हा वाजवलं. शेजारीण दार ठोठावून विचारून गेली, की खिडक्या लावून घ्यायच्या का. मशीन एकदाही अडकलं नाही. मग आत्याने नव्या कर्नलवर वादळ लावलं. तरीही सगळं सुरळीत.

"म्हणजे अपडेट निर्दोष," सून म्हणाली. "आता लॉग बघ. तालमीत हँग झालं तेव्हाचा."

लॉग म्हणजे मशीनने स्वतःच लिहून ठेवलेली हकीकत. आत्याने चष्मा चढवून ती वाचली. सगळं ठीक, सगळं ठीक, आणि मग एकदम कोरं. एखादा नट वाक्याच्या मध्येच कोसळावा तसं.

"कुणाचं नावच नाही गं यात."

"हाच पुरावा. एखादा प्रोग्रॅम बिघडला असता, तर मरताना काहीतरी बोलला असता. इथे बोलायलाही वेळ मिळालेला नाही. बहुतेक मेमरी, वीज नाहीतर उष्णता."

मेमरीची चाचणी दिवसभर चालली. आत्या मधूनमधून येऊन बघून जायची, आजारी पाहुण्याची विचारपूस करावी तशी. एकही चूक निघाली नाही. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाकला. आकडा साठच्या आसपास रेंगाळत राहिला.

"आई, घरी सगळं छान चालतंय. मग तिथे असं काय आहे जे इथे नाही?"

"काही नाही गं. तेच मशीन, त्याच वायरी, तेच वादळ. फक्त तिथे काळोख असतो."

"काळोखाने हँग होत नाही, आई."

"ते मलाही कळतं. मी काय खुळी आहे?"

पण तेच खुळ्यासारखं वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं. सकाळी ती मशीन घेऊन रिकाम्या नाट्यगृहात गेली. ठरवलं, की जशी तालीम तशीच मांडणी करायची, एक टाचणीही इकडची तिकडे नको. टेबल त्याच जागी. दिवे बंद. मशीनवर नेहमीचा काळा झगा. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा. तिने वादळ सोडलं आणि हाताची घडी घालून समोर बसली.

आकडा सत्तरवर आला. मग ऐंशी. आत्या खुर्चीच्या कडेला सरकली. आकड्याने नव्वदी ओलांडली आणि थोड्याच वेळात "टर्रर्रर्र".

तिने हात पुढे करून झग्यावर ठेवला. तव्यासारखा तापला होता.

हा झगा नव्या दिग्दर्शकाच्या हट्टापायी आलेला. मशीनचे हिरवे दिवे बाजूच्या रांगांतून दिसतात आणि शांततेच्या प्रसंगात पंख्याची घरघर ऐकू येते, अशी त्याची तक्रार होती. कपडेवाल्या ताईने जाड मखमलीचा, आतून अस्तर लावलेला झगा शिवून दिला. अपडेटही नेमकं त्याच आठवड्यात आलं. आणि सुनेला हे सांगायचं आत्याच्या मनातही आलं नाही, कारण विंगेत सगळंच काळ्या कपड्यात असतं. टेबलं, खांब, माणसं, सगळं. मागच्या माणसांना तो कपडा दिसतच नाही. आज काय घातलंत, असं कुणी विचारलं तर आपण अंगावरची कातडी सांगतो का?

तिने फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा सून बराच वेळ हसत सुटली. "आई, तू त्याला मखमलीत कोंडलंस."

"हस. पोटभर हस. पण आता पुढे काय ते सांग. झगा काढला तर दिग्दर्शक ओरडणार, ठेवला तर मला पहिल्या रांगेत बसवणार."

"मशीनलाच विंगेबाहेर काढ. फक्त स्क्रीन, माऊस आणि कीबोर्ड तुझ्याजवळ ठेव. लांब वायरी मिळतात."

विंगेमागे सामानाची खोली होती. मधल्या फळीला भोक पाडायला आत्याने सुताराला बोलावलं. तो तिच्या नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेला. तो कुरकुरला, "मॅनेजरना विचारलंय का?"

"भोक पडल्यावर विचारू. पाड."

कपडेवाल्या ताईला मात्र आत्याने स्वतः जाऊन सांगितलं. ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या शिवणात दोष होता?"

"दोष असता तर बरं झालं असतं गं. कुठेतरी फट राहिली असती, त्याला वारा लागला असता. तू असं शिवलंस, की मुंगीचा श्वासही बाहेर पडू नये."

"मग झग्याचं काय करू?"

"आपल्या ऐतिहासिक नाटकातल्या राजाला घाल. त्याला घाम यायलाच हवा, कटकारस्थानं करत असतो."

रंगीत तालमीला मॅनेजर विंगेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. शेजारी बाहेरचा माणूस, खांद्यावर स्वतःची बॅग. आत्याने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. बिचारा बोलावणं आलं म्हणून आला होता, त्याच्यावर कसला राग. दुसरा अंक सुरू झाला. वारा सुटला, पाऊस चढला, वीज कोसळली. मॅनेजरने डोळे मिटून घेतले. आत्याची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर होती. अठ्ठावन्न. साठ. एकसष्ट. वादळ शेवटपर्यंत गेलं आणि तिने ते हलकेच उतरवलं, झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढावा तसं. मग ती लांब शांतता आली. ना घरघर, ना हिरवा दिवा. मुलीने बापाला खरं काय ते सांगितलं आणि सुतार फळीला टेकून नाक पुसत उभा राहिला.

बाहेरचा माणूस वाकून कुजबुजला, "मशीन कुठे आहे तुमचं?"

"भिंतीपलीकडे. मोकळ्या हवेत."

"आणि पाऊस? हा पाऊस कुठून आणलात? माझ्याकडे असला नाही."

"सुपातून आणलाय. सवडीने या, ऐकवेन."

अंक संपला तसा मॅनेजर घसा खाकरून पुढे झाला. "आत्या, मग मी यांना तसं सांगतो. प्रयोगाला तुम्हीच..."

आत्याने त्याच्याकडे न बघता हात वर केला. तिसऱ्या अंकाची घंटा तिनेच द्यायची होती, आणि मॅनेजर नेमका तिच्या आणि स्टेजच्या मधे उभा होता.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "मला दिसत नाहीये."