खोलीभर कंपूटरचा माणूस

आख्ख्या परभणी जिल्ह्यातल्या माणसांत कंपूटरला सगळ्यात आधी कोणाचा हात लागला असेल, तर तो माझ्या साडूचा. हे मी लिहून देतो, आणि ज्याला पटत नसेल त्यानं झरीला माझ्या ओट्यावर येऊन भांडावं. मी चौथीच शिकलोय, पण भांडायला तेवढी शाळा पुरते. तो आता राहतो त्या मानवतची माणसं त्याच्या पाठीमागं म्हणतात, "हैदराबादला झाडू मारत होता, अन् इथं येऊन कंपूटर सांगायलाय." ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. साडू मात्र नुसता हसतो. म्हणून त्याच्या वाटचं भांडण मी अंगावर घेतलंय, आणि आज ते कागदावर उतरवतोय.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मॅट्रिकला नापास झाला आणि रेल्वेत बसून हैदराबादला गेला, तिथं एका मोठ्या कचेरीत चिकटला. त्या कचेरीत कंपूटर होता, आणि तो आजच्यासारखा मांडीवर घेऊन बसायचा नव्हता. मानवतच्या कापसाच्या जिनिंगच्या शेडएवढी खोली, भिंतीला लागून पुरुषभर उंचीची लोखंडी कपाटं, त्यांत गरगर फिरणाऱ्या फिती, आणि घरघर एवढी की शेजारच्याशी बोलायला कानाला तोंड लावावं लागे. मशीन तापू नये म्हणून खोली इतकी गार ठेवत की बाहेर मे महिना पेटलेला असताना आत माणसं स्वेटर घालून वावरत. साडूनं अठरा वर्षं तसा स्वेटर वागवला, आणि त्याला अशी खोड जडली की डोकं लावायचं कुठलंही काम स्वेटरशिवाय जमेना. मानवतला उन्हाळ्यात माणसं अंगातला बनियनसुद्धा काढून बसतात. त्याच दुपारी हा निळा स्वेटर चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून, कुकरची शिट्टी दुरुस्त करायला बसतो. मेहुणी ओरडते, "अवो, जीव जाईल की उकाड्यानं!" तर हा म्हणतो, "गप बस. गार डोक्याचं काम हाय."

धुळीचं तर त्याला भारीच वावडं. सुगीत मानवतच्या हवेत कापसाचे तंतू उडत असतात, माणूस बाजारातून येतो तो पांढऱ्या मिशा घेऊनच. साडू दारात ब्रश घेऊन उभा. चपला बाहेर, मग खांदे, मग पाठ. एकदा लेकीचे सासरे पहिल्यांदा घरी आले, तर त्यानं त्यांचा फेटासुद्धा झाडला. ते लाल झाले. "पाव्हणं, मी काय सतरंजी हाय का?" साडू शांतपणे म्हणाला, "माफ करा, पण धूळ आत गेली की मशीन बिमार पडते." "घरात मशीन कुठंय?" "न्हाई. पण आदत हाय."

आणि कागद! त्या काळी कंपूटरला बोटानं सांगता येत नसे. पोस्टकार्डापेक्षा लांब अशी जाड कार्डं असत, त्यांना बारीक छिद्रं पाडत, आणि छिद्र कुठल्या जागी आहे त्यावरून कंपूटरला काम कळे. एकेका कामाला शेकड्यांनी कार्डं. प्रत्येकाचा एक कोपरा कापलेला, म्हणजे एखादं उलटं लागलं तर लगेच दिसावं. मुडपलेलं कार्ड मशीन गिळत नसे. म्हणून साडूनं आजतागायत कागदाला घडी घातलेली मी पाहिली नाही. एका लग्नाची पत्रिका त्यानं आणणाऱ्याला परत दिली, "मुडपली हाय, दुसरी द्या," आणि दुसरी मिळाली तेव्हाच लग्नाला गेला. घरातल्या सगळ्या कागदांचे कोपरे त्यानं कापले, राशनकार्डाचासुद्धा. दुकानदारानं ते उंदरानं खाल्लं म्हणून चार चकरा मारायला लावल्या.

पण त्याची खोड वाया गेली असं कोणी म्हणू नये. आमच्या झरीच्या देवळात जुनी हस्तलिखित पोथी आहे, सुट्या पानांची. पानांवरचे आकडे कसरीनं कधीच खाल्लेत. साडू सप्ताहाला आला, त्यानं पोथीची पानं क्रमानं लावलेली पाहिली, गठ्ठा उभा धरला आणि त्याच्या कडेवर लाल पेन्सिलीनं एक तिरपी रेघ ओढली. पोथी वाचणारे महाराज भडकले. "पोथी इटाळली! कामून हात लावला?" गावानं मलाच शिव्या दिल्या, का तर साडू माझा. तिसऱ्या दिवशी वावटळ मांडवात शिरली आणि पोथी पत्रावळींसारखी गावभर झाली. पानं गोळा झाली, पण कुठलं कशाच्या पुढं, महाराजांनाही सांगता येईना. साडूनं पिशवीतून स्वेटर काढला. प्रत्येक पानाच्या कडेला लाल ठिपका होता, कुणाचा वर, कुणाचा खाली. ठिपक्याला ठिपका लावत गेला, आणि चहा होईपर्यंत तिरपी रेघ पुन्हा सलग उमटली. "कार्डाचा गठ्ठा सांडला की आमी असाच लावायचो," एवढंच बोलला. महाराजांनी पानं उलटून पाहिली. मग हळूच म्हणाले, "रेघ राहू द्या."

तर असा माणूस, आणि त्याला झाडूवाला म्हणतात. म्हणून औंदा पाथरीकडच्या एका कॉलेजात नवी कंपूटरची खोली झाली आणि तिथल्या मास्तरीणबाई 'आपल्या भागातला पहिला कंपूटरवाला' शोधायल्यात असं कळलं, तेव्हा मी जीप पकडून गेलो आणि साडूचं नाव दिलं. बाईंनी विचारलं, "पद काय होतं?" मी जराही न अडखळता सांगितलं, "ऑपरेटर." खरं म्हणजे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. विचारायची भीती वाटत होती म्हणा.

सत्काराच्या पत्रिकेत त्याचं नाव 'ऑपरेटर' म्हणून छापून आलं. साडूनं ती वाचली, घडी न घालता ठेवून दिली. कार्यक्रमाच्या दिवशी स्वेटर घालून आला, तेव्हाच मला समजायला हवं होतं. शाल पडली, नारळ दिला, मानवतची निम्मी माणसं मुद्दाम आलेली, आणि साडू माईकपाशी जाऊन म्हणाला, "पत्रिकेत एक छिद्र चुकीच्या जागी पडलंय. मी ऑपरेटर नव्हतो. चपराशी होतो. कार्डाचे ट्रे वाहायचो, फरशी पुसायचो. दुरुस्ती करून घ्या."

मागून कोणीतरी खिदळलं. "बघा, झाडूच होता!" मग काय, मी उभा राहिलो. "हसता काय रे? ह्यानं फरशी पुसली नसती तर तुमचा तो कंपूटर धूळ खाऊन मेला असता! अठरा वर्षं एक कार्ड मुडपू दिलं न्हाई ह्यानं. तुमी तुमच्या बायकोचा वाढदिवस तरी अठरा वर्षं ध्यानात ठेवला का?" बाई बसा बसा म्हणायल्या. मी बसलो नाही. आजही बसलेलो नाही.

येताना जीपमध्ये मी म्हणालो, "पाव्हणं, माझी तर नाचक्की केली तुमी. एवढी वर्षं त्या खोलीत होते, एखादं बटण तरी दाबलं का?"

साडूनं बाहेरच्या कपाशीकडं तोंड केलं. मग म्हणाला, "एकदा. नव्या छोट्या मशीनी आल्या आन् जुनी काढायची ठरली. शेवटच्या दिवशी साहेब सगळ्यांना बंद करायचं मोठं बटण दाबा म्हणले. कोणीच पुढं होईना. मग मला म्हणले, तुझा हात शुद्ध हाय, तू दाब." त्यानं स्वेटरची बाही खाली ओढली. "अठरा वर्षांत ती घरघर एकदाबी थांबली नव्हती, पाव्हणं. मी दाबलं, आन् खोली गप झाली. माझंच काळीज ऐकू यायलं. वाटलं, आपल्या हातानं कोणाला तरी मारलं."

हे त्यानं मेहुणीलाही सांगितलं नव्हतं. जीपमध्ये दाटी होती, कोणी शेळी घेऊन बसलेलं, रस्ता खडबडीत. साडूनं स्वेटरचं वरचं बटण काढलं, मग दुसरं, आणि डोळे मिटले. त्याचा हात सीटवर उताणा पडला होता, तो मी मानवतचा फाटा येईपर्यंत धरून ठेवला.