तपकिरी भिंत आणि कुंकवाचा हात

नवं घर बांधलं तेव्हा हॉलमधली एक भिंत गडद तपकिरी करायची, यावर मी अडून बसले. साधी तपकिरी नाही. उकळून उकळून आटलेल्या कोऱ्या चहासारखी, जवळजवळ काळी. नारायणगावच्या दुकानात शेडकार्डावर बोट ठेवलं, तर दुकानदाराने दोनदा विचारलं, ‘दरवाज्यासाठी ना?’ रंगारी तर पहिला हात मारून शिडीवरून उतरला आणि म्हणाला, ‘वहिनी, अजून येळ हाय. वरून क्रीम मारू का?’ नवऱ्याने अंग काढून घेतलं. नणंद म्हणाली, ‘चुलीमागची भिंत हॉलमधी आणली का गं?’ मी हट्टी आहेच. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या पोपटी आणि गुलाबी भिंतींत राहिले होते. एक तरी भिंत माझ्या मनासारखी हवी होती.

माझ्या बाजूने एकट्या सासूबाई बोलल्या. ‘करू दे तिला. नांगरल्या रानावानी दिसती, लई चांगली.’ त्यांच्या बोलण्याला वजन होतं, कारण बांधकाम चालू असताना सगळ्या भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं ते त्यांनीच. पाहुणे आले तरी हातातला पाइप सुटायचा नाही.

आमच्याकडे वास्तुशांतीला पाच सवाष्णी ओल्या कुंकवात हात बुडवून भिंतींवर उमटवतात. सासरे गेल्यापासून सासूबाई अशा वेळी आपणहून मागे सरतात. त्या दिवशीही त्या मागच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांना कुणी हाक मारली नाही. मीही नाही. भावकीतल्या बायका काय म्हणतील, याची मला भीती वाटली. क्रीम भिंतींवर लालभडक हात उमटले. तपकिरी भिंतीपाशी आल्यावर नणंद थांबली. ‘हिच्यावर काय दिसायचं न्हाई,’ म्हणाली, आणि ती भिंत तशीच राहिली.

पंगती बसल्या. बायका पडवीत जेवत होत्या, हॉल रिकामा होता. मला वाटलं, हीच वेळ. कुंकवाचं ताट घेऊन मी सासूबाईंना हळूच आत बोलावलं. ‘आई, या भिंतीवर तुमचा हात उमटवा. तुम्हीच पाणी मारलंय हिला. कुणाला कळायचंसुद्धा नाही.’

त्यांनी आधी भिंतीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ‘दिसायचं न्हाई, म्हणून बोलावलंस व्हय मला?’

आवाज चढला नव्हता. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका रंगासाठी सगळ्यांशी भांडले होते मी, आणि या बाईसाठी चोरासारखा कोपरा शोधत होते.

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी दर्शनी दारातून पडवीत आलो. ‘आई इथे हात उमटवणार आहेत,’ सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले. घास हातात तसेच राहिले. एक चुलत सासू काही बोलणार, तोच नणंद पानावरून उठली आणि डाव्या हाताने माझ्याकडचं कुंकवाचं ताट धरायला पुढे झाली. सासूबाईंनी पंजा पुरता बुडवला आणि दाराशेजारच्या क्रीम भिंतीवर दाबला, सावकाश, बोट न् बोट.

हात धुवायला मी तांब्याभर पाणी आणलं. ‘थांब जरा,’ त्या म्हणाल्या, आणि लाल झालेला हात मांडीवर उताणा ठेवून तिथेच बसून राहिल्या.